कोऱ्या डिस्कवरची हजेरी

दिवा जरा माझ्या बाजूला सरकवा, तुमच्या डोळ्यांवर येतोय. हं. आता ऐका.

त्या शनिवारी माझं काम अगदी साधं होतं. जबल सिद्राच्या खाणीवर जायचं, ऐकण्याच्या यंत्रात नवी डिस्क बसवायची, यंत्राने ती नीट ओळखली की कागदावर सही करायची आणि दुपारच्या जेवणाला गाफ्साला घरी. मी घरून निघताना भाजीत मीठ घालायचं राहिलंय का, हाच विचार डोक्यात होता.

फॉस्फेटचा खडक कोसळण्याआधी बोलतो. बारीक तडकतो. माणसाला ते ऐकू येत नाही, म्हणून खडकात भोकं पाडून आम्ही त्यात कान पुरतो. कान म्हणजे बोटाएवढी उपकरणं. त्यांच्या तारा यंत्रापर्यंत येतात आणि यंत्र सगळं डिस्कवर लिहून ठेवतं. तडकणं वाढलं की भोंगा वाजतो. यंत्र ठीक आहे अशी माझी सही असल्याशिवाय बोगद्यात माणसं उतरवायची नाहीत, असा नियम. सोमवारी सकाळी चौथ्या बोगद्यात बावीस माणसं उतरणार होती.

चौथाच का, तर तिसरा जानेवारीत खचून बंद झाला होता. भोंगा वाजला तेव्हा आत आठ जण होते. मुकादम बेलगासेमने सात जणांना ढकलत बाहेर काढलं. कोणी राहिलं तर नाही ना, म्हणून तो परत आत गेला. राहिलं कोणीच नव्हतं. सव्वीस दिवस खणलं, मग खणणं थांबवलं. त्या वेळी ऐकण्याचं यंत्र बोगद्यातच एका कोनाड्यात असायचं. बेलगासेम, ते यंत्र आणि त्यातली डिस्क, तिघेही दोनशे मीटर दगडाखाली राहिले.

फाटकाशी पहारेकरी लझहर चहा उकळत बसला होता. जन्मभर खाणीत लाकडी टेकू लावलेला माणूस. एका कानाने बहिरा.

"काय रौदाबाई, आज पुन्हा दगडाचं गाऱ्हाणं ऐकायला?"

"आज फक्त डिस्क बसवायची आहे, सी लझहर." आमच्याकडे मोठ्या माणसाला मानाने 'सी' म्हणतात.

"तुझी ती पेटी डोंगराचं ऐकते म्हणतात. एक माझ्या घरी पण लाव. बायको म्हणते, मी तिचं ऐकत नाही."

"तुमचा बरा कान तिच्याकडे करून झोपत जा."

"तोच तर उशीत घालून झोपतो, पोरी!"

आम्ही हसलो. मग दोघांचीही नजर एकदमच भिंतीच्या सावलीकडे गेली आणि हसू थांबलं. तिथे खाल्ती तुर्किया, सगळ्यांची मावशी, बसली होती. बेलगासेमची आई. जानेवारीपासून रोज येऊन बसायची. रडायची नाही, कोणाला शिव्या द्यायची नाही. मी सलाम केला, तिने हात छातीवर ठेवला. एवढंच.

यंत्राची खोली डोंगराच्या पायथ्याशी एकटीच होती, फाटकापासून बरीच वर. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, एक खुर्ची. आत त्या खडकाचा वास कायम भरलेला. फोडलेल्या फॉस्फेटला एक कुजकट वास येतो, जुनी विहीर उपसल्यासारखा. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता म्हणतात, दगडात माशांचे दात सापडतात. मी नाकाला रुमाल बांधला आणि कामाला लागले.

आता एवढं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोरी डिस्क म्हणजे मोकळं माळरान. त्यावर आधी फाइल सिस्टीम आखावी लागते, म्हणजे कुठे काय ठेवायचं याची चौकट. आखताना डिस्कच्या सुरुवातीला एका ठरलेल्या जागी तीन गोष्टी लिहिल्या जातात: चौकट कोणत्या जातीची याची खूण, तिला दिलेलं नाव आणि एक क्रमांक. यंत्रात एक पहारेकरी बसलेला असतो. डिस्कवर लिहिणाऱ्याने हात काढला रे काढला, की हा लगेच जाऊन डोकावतो. खूण बघतो, नाव वाचतो, क्रमांक वाचतो आणि आपल्या वहीत शोधतो. ओळखीचा क्रमांक असला की डिस्क तिच्या ठरलेल्या जागी लावून टाकतो. नसला तर नवी पाहुणी म्हणून नोंदवतो.

तो क्रमांक कोणी ठरवत नाही. आखताना यंत्र जणू फासे टाकतं. बत्तीस घरांचा क्रमांक. दोन डिस्कना एकच यावा, हे सहारा वाळवंटातून वाळूचा ठरावीक एक कण डोळे मिटून उचलण्यापेक्षाही अवघड.

मी सीलबंद खोक्यातून डिस्क काढली, जोडली, चौकट आखली. नाव दिलं 'नवी'. पडद्यावर एक ओळ उमटली.

ओळखीची डिस्क. नोंदींच्या जागी लावली आहे.

मी चष्मा पुसला. क्रमांक ताडून पाहिला. तिसऱ्या बोगद्यातल्या डिस्कचा क्रमांक होता तो. जुन्या यंत्राच्या वहीची बाहेर ठेवलेली प्रत नव्या यंत्रात जशीच्या तशी उतरवली होती, त्यात तो अजून होता. तो खोडणं हेही माझं त्या दिवसाचं एक काम होतं.

घाबरले नाही. यंत्राच्या स्मरणात कधी कधी शिळं काहीतरी उरतं. मी ते पुसलं, यंत्र बंद करून चालू केलं. तीच ओळ. मग यंत्रातल्या पहारेकऱ्यावर विसंबलेच नाही, डिस्कची सुरुवातीची जागा स्वतः उघडून वाचली. क्रमांक डिस्कवरच लिहिलेला होता. माझं 'नवी' हे नाव मात्र तिथे नव्हतं. नावाची जागा रिकामी होती.

डिस्क सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुसली. त्यात दोन तास गेले. पुन्हा आखली. तोच क्रमांक. पिशवीत दुसरी डिस्क होती, राखीव. तिचं सील दातांनी तोडलं. तोच क्रमांक. ती माझ्या लॅपटॉपला जोडून तिथे आखली, त्या खाणीशी काही संबंध नसलेल्या यंत्रावर. तोच.

एव्हाना बाहेर शहिली सुटला होता. दक्षिणेचा गरम वारा. भर दुपारी खिडकी तांबडी झाली, मग तपकिरी, मग जवळजवळ काळी. पत्रे थरथरत होते. वास एकदम वाढला. घरी निघून जावं, असं मनात आलं. मग स्वतःलाच म्हटलं, रौदा, सोमवारी या यंत्राच्या भरवशावर बावीस माणसं आत जाणार आहेत. काय आहे ते बघितल्याशिवाय इथून उठायचं नाही.

नवी चौकट आखली की तिच्यात एक कप्पा आपोआप तयार होतो. 'हरवले-सापडले' असं त्याचं नाव. पुढेमागे डिस्क बिघडली तर बेवारस तुकडे तिथे ठेवायचे, म्हणून. नव्या डिस्कवर तो रिकामाच असतो. रिकामाच असायला हवा.

त्यात एक फाइल होती. आवाजाची. तारीख येणाऱ्या सोमवारची, वेळ सकाळी सहा अठ्ठावीस.

मी दाराला कडी घातली, कानांवर हेडफोन चढवले आणि फाइल लावली.

आधी पाणी ठिबकण्याचा आवाज. मग बुटांचा, बऱ्याच जणांच्या. मग खडकाचं तडकणं, एक... थांबून आणखी एक... मग एका माणसाचा आवाज. अगदी हळू.

"महरेझ बिन अम्मार..."

"हाजिर."

"युनूस बिन ताहिर..."

"हाजिर."

मी हेडफोन ओढून काढले. पुन्हा चढवले. नावं मोजली. बावीस. सोमवारची यादी माझ्या समोर भिंतीलाच टाचलेली होती. त्याच क्रमाने, बावीसच्या बावीस. आणि प्रत्येक 'हाजिर'मागे तडकणं वाढत होतं. मी घड्याळ लावून मोजलं. पहिल्या नावाला मिनिटाला चार, दहाव्याला तीस, बाविसाव्याला मोजता येईना. तेवढ्यात लाकूड करकरलं. मी तिथेच फाइल थांबवली आणि वाऱ्यात तोंड खुपसून फाटकापर्यंत पळत गेले.

लझहरला वर आणलं. त्याने बरा कान हेडफोनला लावला. एक नाव ऐकलं, दुसरं ऐकलं. तिसऱ्याला तो खुर्चीत बसला.

"बेलगासेम आहे," तो म्हणाला. मग लाकूड करकरेपर्यंत ऐकून म्हणाला, "आणि ते शेवटी... ते टेकू बोलतायत, पोरी. असे टेकू बोलले की आम्ही हत्यारं टाकून पळायचो."

"चौथ्या बोगद्यातले कान या क्षणी अगदी शांत आहेत. मी तपासलंय."

"असतील. आज शनिवार आहे."

मुख्य अभियंता सी फौझींना मी तिथूनच फोन केला. ते गाफ्सात मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होते, मागे ढोल वाजत होता.

"मादाम रौदा, डिस्क बसली का? सही झाली?"

"बसली. सही करणार नाही."

"म्हणजे?"

जे होतं ते सांगितलं. मग ते म्हणाले, "कोणीतरी चेष्टा केलीय तुमची. पुसा ते आणि मोकळ्या व्हा."

"पुसून, डिस्क बदलून, चार वेळा आखली, साहेब."

"मग पाचव्यांदा आखा! तुम्ही नाही केलीत तर दुसरा सही करेल. स्फाक्सहून उद्या माणूस बोलावतो मी."

"बोलवा. मीही बोलावते मला कोणाला बोलवायचंय त्यांना."

कोणाला, ते तेव्हा मलाच माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर सुचलं. त्या आवाजावर माझा विश्वास बसायचा असेल तर तो खात्रीने ओळखणारं माणूस एकच होतं.

रविवारी दुपारी मी खाल्ती तुर्कियाच्या घरी गेले. तिने समोर भाकरी ठेवली, वाटीत तेल आणि मिरचीची हरीसा चटणी ठेवली. मला घास गिळेना. मी म्हटलं, "खाल्ती, तुम्हाला काही ऐकवायचंय. नको म्हणालात तर आत्ता उठून जाईन."

तिने माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे पाहिलं. "तो त्यात आहे?"

"माहीत नाही. म्हणूनच आलेय."

तिने हात धुतले, ओढणी सारखी केली, जणू घरी कोणी मोठं माणूस येतंय. मी फाइल लावली आणि बाविसाव्या नावानंतर थांबवली. तिचा चेहरा हलला नाही.

"अजून एकदा."

पुन्हा लावली. तिसऱ्यांदा तिने हातानेच नको म्हटलं.

"माझाच आहे," ती म्हणाली. "पण हा असा बोलायचा नाही. हजेरी घेताना ओरडायचा, घसा बसायचा त्याचा. इथे हळू बोलतोय..." तिने स्वतःचा आवाज खाली आणला. "लहान मूल झोपलेल्या घरात आपण बोलतो ना, तसं. तिथे कोणीतरी झोपलंय, आणि त्याला जाग यायला नको आहे."

खोलीत ऊन होतं, अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मी लॅपटॉप मिटला.

"मग नावं कशाला घेतोय, खाल्ती? बोलावतोय की सावध करतोय?"

"ते त्याच्या आईला कळत नाही, तुझ्या पेटीला कुठून कळणार?" ती उठली. "तुझं सही न करणं उद्या चालणार नाही म्हणतेस. माझं बसणं तर चालेल."

सोमवारी पहाटे साडेपाचला मी पोचले, तेव्हा ती चौथ्या बोगद्याच्या तोंडाशी रुळांवर बसली होती. लझहरने तिला आत कसं सोडलं, हे त्याला कोणी विचारलं नाही. सहाला माणसं आली, डोक्यावर दिवे, हातात डबे. सी फौझी आले. स्फाक्सचा माणूस सही केलेला कागद घेऊन मागे उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता.

"खाल्ती, उठा. कामाची वेळ झाली," फौझी म्हणाले.

"माझ्यावरून गाडी न्या."

"हे बघा, तुमचं दुःख आम्हाला कळतं, पण..."

"तुझ्याशी बोलत नाहीये मी." तिने माणसांकडे पाहिलं आणि नावं घ्यायला लागली. महरेझ बिन अम्मार. युनूस बिन ताहिर. दोनदाच ऐकलेली बावीस नावं, एकही न चुकता, त्याच क्रमाने. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. "माझ्या मुलाने तुमची ही नावं घेतली आहेत," ती म्हणाली. "आज आतून कोणी हाक मारली तर उत्तर देऊ नका."

कोणीतरी हसायला गेला, पण त्याचं हसू पुढे सरकेना. मग एकाने डबा खाली ठेवला, त्याच्या शेजारच्याने ठेवला आणि हळूहळू सगळे जमिनीवर बसले. फौझी ओरडत राहिले. नोकऱ्या जातील, पोलीस येतील. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, अर्धा तास. सातपर्यंत काही झालं नाही तर माझा राजीनामा घ्या आणि मला वेडी ठरवा. लेखी देते."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बोगद्याकडे. आणि बाजूला झाले.

सहा अठ्ठावीस झाले. वारा पडला होता, पाखरू बोलत नव्हतं. बोगद्याच्या तोंडातून तो वास येत होता, गार हवेच्या झुळकीबरोबर. मी काही ऐकलं का, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. पण रुळांजवळ बसलेल्या महरेझने मान वर केली. कोणी बोलावल्यावर माणूस करतो तशी, सहज. त्याचे ओठ उघडले... आणि खाल्ती तुर्कियाने झेप घेऊन त्याच्या तोंडावर तळवा दाबला. इतक्या जोरात, की त्याचं डोकं खांबावर आपटलं. मग तिने दुसरा हात युनूसच्या तोंडाशी नेला. लझहर धावला, मी धावले. आम्ही वेड्यासारखे त्या माणसांची तोंडं दाबत होतो आणि ती माणसं हलत नव्हती. सगळ्यांची नजर बोगद्याच्या आत लागलेली.

सहा एकतीसला यंत्राच्या खोलीतला भोंगा एकदा वाजला, अर्धाच. पायांखालची जमीन खाली बसल्यासारखी झाली. बोगद्याच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर आला आणि त्यानंतर पाच मिनिटं कोणालाच कोणी दिसत नव्हतं.

धूळ बसल्यावर लझहरने माणसं मोजली, बोटाने स्पर्श करत. बावीस. महरेझच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि तो रडत होता. फौझी रुळांवर बसले होते. त्यांनी स्फाक्सच्या माणसाच्या हातातला कागद घेतला, चार तुकडे केले आणि खिशात घातले. मला म्हणाले, "मादाम... ती फाइल मला ऐकवू नका. कधीही." दोन्ही बोगदे त्यांनी स्वतः उभं राहून काँक्रीटने बुजवले. खाल्ती तुर्किया त्यानंतर फाटकावर आली नाही. एकदा महरेझची बायको आपलं बाळ तिला दाखवायला घेऊन गेली होती, एवढं लझहरकडून कळलं.

इथेच संपायला हवं होतं. पण मी फाइल बाविसाव्या नावावर थांबवली होती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पुढचं मी त्या संध्याकाळी ऐकलं, घरी, स्वयंपाकघरात, सगळे दिवे लावून. ऐकल्याशिवाय राहायचं नाही, असं ठरवूनच बसले होते.

टेकू करकरतात. मग एक धप्प आवाज. मग काहीच नाही. मग तोच आवाज, तेवढाच हळू.

"रौदा बिन्त सालिम..."

मी तोंडात ओढणी कोंबली आणि तशीच बसून राहिले. पुढे फक्त शांतता होती. चार मिनिटांची. मग फाइल संपली.

डिस्क मी फोडली नाही, पुसली नाही. पुसून काय होतं ते बघितलंय मी. कपाटात ठेवली, तार न जोडता. वर्षातून एकदा काढून बघते, कारण न बघता घाबरत राहणं मला जमत नाही. पुढच्या वर्षी ती शांतता अकरा तासांची झाली होती. त्याच्या पुढच्या वर्षी तीन दिवसांची.

परवा पुन्हा जोडली. एकोणीस दिवस आणि काही तास. सगळी कोण ऐकणार? मी अगदी शेवटाजवळ नेऊन लावली. पाणी ठिबकत नाही, खडक तडकत नाही. आणि मग, शेवटचे दोन-तीन सेकंद उरले असताना, कोणीतरी घसा साफ करतं... पुन्हा हाक मारण्याआधी माणूस करतो तसा.